परस्पर दिलेला कार्यादेश उघडकीला आल्यावर विद्यापीठांनी या चुका टाळाव्यात

मार्चचा शेवटचा आठवडा होता. टेबलावर एका विभागाच्या ऑनलाइन प्रवेशाच्या सॉफ्टवेअरचे बिल आले. सोबत कार्यादेश (वर्क ऑर्डर) होता: विभागाचे लेटरहेड, विभागप्रमुखांची सही, गोल शिक्का, आणि जावक क्रमांकाची जागा कोरी. खरेदी समितीचा ठराव नाही, अंदाजपत्रकात तरतूद नाही, कुलसचिव कार्यालयाला पत्ता नाही. काम मात्र झाले होते. मुलांचे अर्ज त्याच सॉफ्टवेअरवर भरून झाले होते.

विद्यापीठाच्या वित्त विभागात असताना अशी प्रकरणे मी अनेकदा पाहिली. मूळ चूक एका माणसाची असते. प्रकरण चिघळते ते नंतर सगळ्यांनी मिळून ते दडपल्यामुळे.

चूक पहिली: शिक्का म्हणजे अधिकार असे धरून चालणे

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार प्राधिकरणांच्या (व्यवस्थापन परिषदेसारख्या मंडळांच्या) निर्णयांच्या अधीन राहून विद्यापीठाच्या वतीने करार करण्याचा आणि त्यांवर सही करण्याचा अधिकार कुलसचिवांचा आहे. विभागप्रमुखांचा नाही. ‘हा नुसता सामंजस्य करार आहे, यात पैशांचा संबंध नाही’ असे म्हणून सही होते आणि जोडपत्रात प्रतिविद्यार्थी शुल्क लिहिलेले असते. जोडपत्र आधी वाचा.

याच अधिनियमाच्या कलम 12(7) मध्ये कुलगुरूंना तातडीच्या प्रसंगी थेट कृती करता येते, पण ती का करावी लागली हे संबंधित प्राधिकरणाला लवकरात लवकर लेखी कळवावे लागते. दरवर्षी जूनमध्ये येणारे प्रवेश ही आणीबाणी नव्हे. घाईची किंमत मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये मोजली. तिथला प्रश्न परस्पर कराराचा नव्हता, पुरेशा तयारीविना बाहेरच्या यंत्रणेवर टाकलेल्या भाराचा होता. सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या, निकालांची 31 जुलैची मुदत हुकली आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. त्या निकालांवर पुढचे प्रवेश अडले होते, हे मला अजून विसरता येत नाही.

चूक दुसरी: ऐनवेळच्या विषयात कार्योत्तर मान्यता

काम होऊन गेल्यावर मागाहून मंजुरी घेणे म्हणजे कार्योत्तर मान्यता. सगळ्यात घातक चूक हीच. बैठक संपत आली, सदस्य पिशव्या आवरताहेत, आणि ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ यात तीन ओळींची टिपणी येते. मान्यता मिळते. पण भारतीय करार कायदा, 1872 चे कलम 198 सांगते की वस्तुस्थितीची महत्त्वाची माहितीच अपुरी असेल, तर दिलेली संमती वैध ठरत नाही. कलम 199 नुसार व्यवहाराचा एक भाग मान्य केला की तो सगळाच मान्य होतो. सोयीचे तेवढे घेता येत नाही. म्हणून दर, कार्यादेश, जोडपत्र आणि विभागप्रमुखांचा खुलासा असा पूर्ण कागद विषयपत्रिकेत आधी जायला हवा.

याच्याच जोडीला मागील तारखेची टिपणी येते. एका फाइलमध्ये फेब्रुवारीच्या टिपणीत मार्चमध्ये आवक झालेल्या पत्राचा हवाला होता. लेखापरीक्षकाला ते दिसायला दोन मिनिटे लागली. अनियमितता होती, तिथे बनावट कागदाचा आरोप उभा राहिला.

चूक तिसरी: ‘करारच नाही, मग पैसे कसले?’

पुरवठादाराला असे तोंडावर सांगून हाकलू नका. करार कायद्याच्याच कलम 70 प्रमाणे एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना कायदेशीर काम केले आणि तुम्ही त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. पश्चिम बंगालमध्ये अधिकाऱ्यांनी विधिवत कराराशिवाय एका कंत्राटदाराकडून बांधकाम करून घेतले. सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये याच कलमाखाली त्याचा मोबदल्याचा हक्क मान्य केला. याचा अर्थ बिलावरचा आकडा जसाच्या तसा द्यायचा असाही नाही. दुसऱ्या विभागाच्या जाणकाराकडून कामाची किंमत ठरवून घ्या.

आणि गप्प बसू नका. कळले त्याच दिवशी कुलसचिवांच्या सहीने ‘पुढील काम थांबवावे’ असे पत्र पाठवा. विद्यापीठाच्या वागण्यावरून अधिकार आहे असा समज झाला, तर करार कायद्याचे कलम 237 विद्यापीठावर उलटते आणि ते बांधील ठरते.

विदा, म्हणजे मुलांची माहिती (डेटा), विसरू नका. 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा म्हणतो की बाहेरच्या संस्थेकडून माहितीवर प्रक्रिया करून घ्यायची, तर वैध करार हवा. आमच्या त्या प्रकरणात मुलांचे जातीचे दाखले आणि बँक खाते क्रमांक पुरवठादाराच्या सर्व्हरवर होते. काम तपासले, रक्कम कमी केली, सगळे कागद व्यवस्थापन परिषदेपुढे ठेवले. पण धनादेशावर सही झाली ती त्याने सगळी माहिती परत करून आपल्याकडची प्रत पुसल्याचे लेखी दिल्यानंतरच.