पटेल म्हणजे आपला पाटील, हे मला उशिरा कळलं

मराठी माध्यमातून येऊन एम.ए.ला भारतीय इंग्रजी कादंबरीचा पेपर घेतलेल्यांसाठी हे लिहितेय. कादंबऱ्यांची यादी तुमच्याकडे आहेच, त्यात शिरत नाही.

पहिल्या सत्रात मी दोनशे पानी वही घातली होती. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. राजा राव यांची १९३८ची 'कांथापुरा', जुन्या म्हैसूरकडच्या एका खेड्यातल्या गांधींच्या चळवळीची कादंबरी, वाचताना दर दोन ओळींना थांबायचे. तीन आठवड्यांत वही निम्मी भरली, पण गावात काय चाललंय ते मला सांगता येत नव्हतं. तुम्ही असं करू नका. पहिलं वाचन शब्द न शोधता, अडखळत का होईना, शेवटपर्यंत करा.

मला पाडलं ते वहीत नसलेल्या शब्दाने. कादंबरीत पटेल रंगे गौडा नावाचा माणूस आहे. पटेल हा शब्द मला माहीत होता, म्हणून मी तो शोधलाच नाही. सेमिनारमध्ये मी सांगून टाकलं की आडनावावरून हे कुटुंब गुजरातकडून आलेलं दिसतं. बाईंनी एवढंच विचारलं, "तुमच्या गावात पाटील आहेत ना?" आहेत म्हटलं. त्या पुढे बोलल्या नाहीत. मला उलगडा झाला तो संध्याकाळी, खोलीवर आल्यावर. अजून तो प्रसंग आठवला की पोटात गोळा येतो.

पटेल हे तिथे आडनाव नाहीच, पद आहे. जुन्या म्हैसूरकडे गावच्या मुखियाला पटेल म्हणत, आणि इंग्रजी कागदपत्रांत आपल्या पाटलाचंही पटेल झालं. महाराष्ट्राने १९६२ साली महसुली पाटलांचं पद कायद्याने रद्द केलं, त्या कायद्याच्या इंग्रजी नावातही पटेलच आहे. आता हे घेऊन कादंबरीकडे परत या. पटेल म्हणजे सरकारचा सारा गोळा करणारा, सरकारचा गावातला हात. काँग्रेसची समिती काढण्याआधी कादंबरीचा नायक, गांधींना मानणारा तरुण मूर्ती, रंगे गौडाकडे जातो, ते गावातल्या एका वजनदार माणसाकडे जाणं नुसतं नाही. सरकारच्याच माणसाला तो सरकारविरुद्ध उभं राहायला सांगतोय. आडनाव समजून वाचलं की हा सगळा ताण जातो, आणि गेलाय हे कळतही नाही. परका शब्द निदान थांबवतो तरी. ओळखीचा वाटलेला शब्द तुम्हाला थेट चुकीच्या घरात नेऊन सोडतो.

त्याच कादंबरीतला 'टॉडी' इंग्रजी कोशात बघाल तर व्हिस्की, गरम पाणी आणि साखर असाही अर्थ मिळेल. स्वयंसेवक ज्या दुकानांपुढे निरोधन, म्हणजे पिकेटिंग, करतात ती आपल्या ताडीची दुकानं आहेत. इंग्रजीत लिहिलेला आपल्याकडचा शब्द आधी मोठ्याने उच्चारून बघा, कोश नंतर.

कोशच हवा असेल तर यूल आणि बर्नेल यांचा १८८६चा 'हॉब्सन-जॉब्सन', इंग्रजीत शिरलेल्या इकडच्या शब्दांचा कोश, घ्या. तो इंटरनेटवर फुकट मिळतो. पटेल, पोटेल अशी नोंद त्यात आहे आणि मूळ म्हणून मराठी पाटीलही दिलाय. पण तो साहेबांच्या नजरेतून लिहिलाय, तेवढं ध्यानात ठेवा. बाजारातली गाईडं मात्र घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते. त्यांत हरिकथा म्हणजे धार्मिक गोष्ट, एवढ्यावर काम भागवलेलं असतं. कांथापुरातला हरिकथाकार देवाच्या कथेत गांधी आणि स्वराज्य आणतो आणि पोलीस त्याला पकडतात. अर्थ इथे आहे.

ज्या भाषेशी आपला काहीच संबंध नाही तिला घाबरू नका. अरुंधती रॉय यांच्या १९९७च्या 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज'मध्ये मल्याळम जागोजागी येतं, आणि मला त्यातलं अक्षर कळत नाही. पण शेवटचा 'नाळे' उच्चारला जातो तेव्हा त्याचा अर्थ, उद्या, शेजारीच ठेवलेला आहे. लेखक बऱ्याचदा हात देतो. धीर धरा.

आणि प्राध्यापकांइतकंच घरच्या माणसांनाही विचारा. अमिताव घोष यांची २००८ची 'सी ऑफ पॉपीज' मी खलाशांच्या बोलीपाशी दोनदा सोडून दिली होती. माझी खोलीतली मैत्रीण वाणिज्य शाखेची, घर कोळ्यांचं. एकदा मी 'सेरांग', 'टिंडल' असे खलाशांच्या म्होरक्यांसाठीचे शब्द पुटपुटत बसले होते. तिने मान वर केली आणि म्हणाली, "सारंग आणि तांडेल? आमचे आजोबा तांडेल होते. त्यांचं काय लिहिलंय, वाच की." त्या रात्री मी तिला चाळीस पानं वाचून दाखवली.