कोकणातून आयनांबराचं मॉडेल चालवताय? या चुका टाळा

गच्चीवर दोन वारंवारितांचा जीपीएस रिसीव्हर आणि नेटवरून येणारे सौर-चुंबकीय निर्देशांक, एवढ्यावर आयनांबराचं, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचं, मॉडेल चालू होतं. उत्तर चुकलं की सगळे मॉडेलला धारेवर धरतात. दोष बहुतेकदा आकड्यांच्या वेळेत असतो.

आधी घड्याळ. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि रत्नागिरी ७३.३ अंशांवर, म्हणजे तिथली सौरवेळ ३७ मिनिटं मागे. 'स्थानिक वेळ' मागणाऱ्या रकान्यात भिंतीवरचं घड्याळ भरू नका; यूटीत (ग्रीनिचच्या जागतिक वेळेत) रेखांश भागिले १५ इतके तास मिळवा. जीपीएस वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढे असते, तेही वजा करा.

एफ १०.७ म्हणजे सूर्याच्या १०.७ सेमी रेडिओलहरींचा निर्देशांक. त्याचा प्रमाण आकडा कॅनडात पेंटिक्टनला २० यूटीला मोजतात. तेव्हा आपल्याकडे रात्रीचा दीड, तारीखही बदललेली. सोबत चालवायचं उच्च वातावरणाच्या घनतेचं मॉडेल, एनआरएलएमएसआयएसई-००, आदल्या दिवसाचा आकडा मागतं, शिवाय ८१ दिवसांची मध्यस्थित सरासरी (तो दिवस मध्ये, मागेपुढे ४०-४० दिवस). पुढचे ४० दिवस कुणाकडेच नसतात! मागच्या ८१ दिवसांची सरासरी वापरा, तशी नोंद ठेवा आणि पक्के आकडे आले की गणित पुन्हा चालवा.

त्याच मॉडेलला केपी नव्हे, एपी लागतो; दोन्ही भूचुंबकीय हालचालीचे निर्देशांक, पण मोजपट्ट्या वेगळ्या. केपी ५ म्हणजे एपी ४८. अदलाबदल झाली तर वादळाचा दिवस शांत दिसतो. नासाच्या ओम्नी या आकडेसंग्रहाच्या फाइलीत केपी दहापट लिहितात, तिथला ३३ म्हणजे ३+. आणि एफ १०.७च्या रकान्यातला ९९९.९ हा सूर्याचा पराक्रम नव्हे, गाळलेली नोंद आहे.

रात्री टीईसी (उपग्रह ते रिसीव्हर वाटेवरच्या इलेक्ट्रॉनांची एकूण मोजणी) ऋण आला तर उपग्रह-रिसीव्हरची बायस, म्हणजे दोन वारंवारितांमधला उपकरणाचा स्वतःचा विलंब, तपासा. एका नॅनोसेकंदाची चूक सुमारे २.८५ टीईसीयू (टीईसीचं एकक) खाते.

कोकणात खरी मेख उंचीच्या कोनाची. क्षितिजापासून ३० अंशांवरच्या उपग्रहाचा किरण ३५० किमीचा थर सुमारे ५४० किमी दूर भेदतो. रत्नागिरीहून उत्तरेकडे ती जागा भरूचच्या आसपास पडते, विषुववृत्तीय विसंगतीच्या, म्हणजे चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना इलेक्ट्रॉन दाटतात त्या पट्ट्याच्या, शिखराजवळ. दक्षिणेकडे थेट १२ अंश अक्षांशावर. सगळ्यांची सरासरी काढून 'रत्नागिरीचा टीईसी' म्हणणं म्हणजे डाळ-तांदूळ एकत्र मोजणं. प्रत्येक भेदनबिंदू (किरण थर भेदतो ती जागा) त्याच्या अक्षांश-रेखांशासह द्या. ३० अंशांखालचं सोडाच. पश्चिमेला समुद्रावरून परावर्तित होणारे संकेतही त्यात मिसळतात.

मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सूर्यास्तानंतर संकेत थरथरतात, सायकल स्लिप होतात, म्हणजे रिसीव्हरची लहरींची मोजणी तुटते. तिथे रेघ ओढून खड्डा बुजवू नका. स्लिपनंतर नवा आर्क (सलग नोंदींचा तुकडा) धरा, समतलन, म्हणजे लहरींच्या मोजणीची पातळी कोडच्या मोजणीशी जुळवणं, पुन्हा करा.