हार्ड डिस्क बंद पडण्याआधी करून ठेवायची तयारी

तयारीला कॉम्प्युटर धडधाकट असतानाच लागायचं. गेला तर पुन्हा मिळणारच नाही असा डेटा कोणता, ते आधी कागदावर लिहून काढा: घरचे फोटो, टॅलीचा डेटा, अर्धवट प्रबंध. विंडोज पुन्हा टाकता येतं, त्याची काळजी नको. डीटीपीचं काम असेल तर मात्र फॉन्टही यादीत घ्या. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल बचावली आणि फॉन्ट गेला, तर उघडल्यावर नुसती अगम्य चिन्हं दिसतात. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी कीही त्याच कागदावर उतरवून ठेवा.

मग बाहेरून जोडायची डिस्क आणा आणि बॅकअप घ्या. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुजवलेला नियम घरगुती कॉम्प्युटरलाही पुरतो. क्लाउडवर फोल्डर सिंक केलाय म्हणून निर्धास्त राहू नका; इथे फाइल पुसली की तिथूनही जाते आणि तिथल्या कचरापेटीत ती ठरावीक दिवसच राहते. बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा, कारण रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, जोडलेली डिस्कही सोडत नाही. आणि अधूनमधून बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. हे काम बहुतेक जण टाळतात. माझ्या मते यादीतलं सर्वांत मोलाचं तेच.

आता लक्षणं. एकाच ठेक्यात टक्-टक् येत असेल तर हेडला, म्हणजे डेटा वाचणाऱ्या टोकाला, तबकडीवरची वाट (ट्रॅक) सापडत नाहीये आणि ते पुन्हा पुन्हा मागे येऊन शोधतंय, असं बहुधा समजावं. त्याआधीची लक्षणं मुकी असतात: फोल्डर उघडायला मिनिटभर लागणं, कॉपी दर वेळी त्याच फाइलवर अडकणं, सुरू होताना चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारं विंडोजचं साधन) आपणहून चालू होणं. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाका आणि ०५, सी५ आणि सी६ या ओळींच्या रॉ व्हॅल्यू पाहा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचताना अडखळलेले, निकालाची वाट पाहणारे, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. तिथे शून्य हवं. आकडा असेल आणि वाढत असेल तर नवी डिस्क आजच आणा. फक्त सी७, म्हणजे डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुका, वाढत असेल तर आधी केबल बदलून पाहा. सगळं निळं, ‘गुड’ दिसलं तरी बॅकअप चुकवू नका. गूगलने २००७ मध्ये स्वतःच्या डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांनी मुख्य चार इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपवरची डिस्क, तर आवाजही करत नाही, एखाद्या दिवशी ती दिसेनाशीच होते.

लक्षण दिसलं की क्रम एकच: आधी कॉपी, दुरुस्ती नंतर. चेकडिस्क आणि डिफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग लावणारं साधन) डिस्कला शेवटपर्यंत राबवतात, त्यांना हात लावू नका. कागदावरच्या यादीत वर असलेले फोल्डर आधी उचला. कॉपी अडकत असेल तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा. ते चांगला भाग आधी काढून घेतं आणि अवघड जागांकडे नंतर वळतं. टकटक चालू असेल तर यातलं काहीच न करता वीज बंद करा. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला हमखास मिळतो, तो अजिबात मानू नका, आत दव धरतं. झाकण घरी उघडू नका. हेड प्लॅटरपासून (आतल्या फिरत्या तबकडीपासून) काही नॅनोमीटरवर तरंगतं, धुळीचा कण त्याहून कितीतरी मोठा असतो. असं काम धूळमुक्त खोली असलेल्या रिकव्हरी लॅबचं. डेटा निघाला नाही तर पैसे किती, हे डिस्क देण्याआधी लेखी घ्या. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, पण जुनी सहसा परत येत नाही. म्हणून डेटा हाती येईपर्यंत ती सर्व्हिस सेंटरला देऊ नका.