तीन गोळ्यांचं अ‍ॅझिथ्रोमायसिन: या चुका टाळा

नाशिकला थंडी पडली की पंचवटीतल्या आमच्या मेडिकलवर एक वाक्य दिवसभर ऐकू येतं: "अ‍ॅझी पाचशे द्या, तीनवाली." चिठ्ठी मागितली की तोंड वाकडं होतं. स्ट्रिपवर लाल रेघ आहे, चिठ्ठीशिवाय देता येत नाही, हे सांगितलं की गिऱ्हाईक म्हणतं, "पलीकडचा देतो की!"

साधी सर्दी आणि बहुतेक घसादुखी व्हायरसची असते. अ‍ॅझिथ्रोमायसिन हे बॅक्टेरियावरचं अँटिबायोटिक, व्हायरसवर ही गोळी काहीही करत नाही. चौथ्या दिवशी बरं वाटतं ते सर्दी उतरायची वेळ झाली म्हणून. कोरोनात हीच गोळी घरोघरी वाटली गेली. पुढे ब्रिटनमधल्या रिकव्हरी या मोठ्या चाचणीत दाखल रुग्णांना तिचा फायदा दिसला नाही. दुसरीकडे टायफॉइडवर तोंडाने घ्यायची जी मोजकी औषधं अजून कामाला येतात, त्यांत ही आहे. ती शिंकांवर उधळू नये, एवढंच माझं म्हणणं.

तीनच गोळ्या म्हणजे हलकं औषध, हा समज तर डोक्यात जातो. हे औषध पेशींत शिरून मुक्काम ठोकतं. शरीरातून निम्मं जायलाच सुमारे 68 तास लागतात, म्हणून कोर्स छोटा. शेवटची गोळी घेतल्यावरही त्याचं काम चालू असतं. उतावळे लोक दुसऱ्या दिवशी "फरक नाही" म्हणून दोन एकदम घेतात. तसं करू नका. आणि डॉक्टरांनी पाच किंवा सात दिवस लिहिले असतील, तर शेजारच्यांच्या तिनाचा हिशोब लावू नका.

आता माझा सगळ्यात जुना राग. लोक रोजच्या गोळीला औषधच समजत नाहीत. मखमलाबादकडचे एक द्राक्षबागायतदार काका ऐन गोडी छाटणीत मांड्यांना लावायचा स्प्रे घ्यायला आले. म्हणे, छाटणीने अंग धरलंय. पण दुकानाची पायरी चढताना ते खांब धरून चढले, ते मला खटकलं. विचारत गेलो तेव्हा कळलं, पोटातल्या जंतूसाठी क्लॅरिथ्रोमायसिनचा 14 दिवसांचा कोर्स चालू होता आणि रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळीही. डॉक्टरांना सांगितलं होतं का? "ती काय औषध आहे? ती तर रोजचीच." लघवीचा रंग विचारला, तर कोऱ्या चहासारखा. स्प्रे दिला नाही, तसंच दवाखान्यात पाठवलं. रक्तात स्नायूंचं एन्झाइम भलतंच वाढलेलं निघालं. सलाइन लागलं, किडनी वाचली.

क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही अ‍ॅझिथ्रोमायसिनची भावंडं. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन यांसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या यकृतात ज्या एन्झाइमने मोडतात, तेच ही दोघं अडवतात. मग रोजचीच गोळी रक्तात साचते, स्नायू झिजायला लागतात आणि त्यांचा कचरा किडनीवर येतो. अ‍ॅझिथ्रोमायसिन हा उपद्व्याप फारसा करत नाही, पण दुकानात उभं राहून कोण भाऊ कोणता हे ओळखायच्या भानगडीत पडू नका. अशा वेळी डॉक्टर बहुधा तेवढे दिवस कोलेस्टेरॉलची गोळी थांबवतात किंवा अँटिबायोटिक बदलतात. तो निर्णय त्यांचा. मी गिऱ्हाइकांना रोजच्या गोळ्यांची यादी मोबाइलच्या कव्हरमागे ठेवायला लावतो. बीपीची, साखरेची, रक्त पातळ करायची, सगळी.

हृदयाचे ठोके अनियमित असतील, अ‍ॅमिओडॅरोन (ठोके ताळ्यावर ठेवायची गोळी) चालू असेल किंवा पोटॅशियम कमी असेल, तर ते आधी सांगा. अमेरिकेच्या एफडीए या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने 2013 मध्ये अ‍ॅझिथ्रोमायसिनबद्दल हाच इशारा दिला होता. गोळी घेतल्यावर धडधड झाली, भोवळ आली, डोळे पिवळे झाले किंवा ओठ सुजले, तर सकाळची वाट पाहू नका.

अ‍ॅसिडिटीचं पांढरं पातळ औषध आणि ही गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

मुलांचं सिरप 5 मिलीत 100 आणि 200 मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत येतं. मागच्या वेळची बाटली आणि आत्ताची सारखी असेलच असं नाही. पोह्याचा चमचा वापरू नका, सोबत आलेलं मापाचं टोपण वापरा. उरलेलं सिरप धाकट्यासाठी जपून ठेवणाऱ्या आयांशी मी वाद घालणं सोडलंय, बाटली परत आणायला सांगतो. सहा आठवड्यांच्या आतल्या बाळाला तर डॉक्टरांशिवाय थेंबही नको. जठराचं तोंड आवळून सतत उलट्या व्हायचा धोका असतो.

आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल, तर तिसरी स्ट्रिप मागायला येऊ नका. टीबी तर नाही ना, हे बघायला सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, तिथे पैसे लागत नाहीत.