मलेरियाची तपासणी: स्लाइड बिघडते कुठे?

ताप दिसला की गोळ्या सुरू, तपासणी मागाहून, ही सवय अजून पुरती गेलेली नाही. मलेरियाचा संशय असलेल्या प्रत्येकाची औषधाआधी रक्ततपासणी करा, असं जागतिक आरोग्य संघटना २०१० पासून सांगते आहे. तरी रिपोर्ट निगेटिव्ह असूनही औषध दिलं जातं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘स्लाइडचा काय भरवसा!’ दुर्दैवाने हे पुष्कळदा खरंही असतं, आणि बिघाड बहुतेक वेळा सूक्ष्मदर्शकापर्यंत पोचण्याआधीच झालेला असतो.

टोचायला मधलं बोट किंवा अनामिका घ्या, तान्ह्या बाळाची टाच. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. ओलं राहिलं तर ते रक्तात मिसळतं आणि स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) वाया जातो. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसा. बोट दाबून पिळलं की रक्ताबरोबर पेशींच्या अधल्यामधल्या जागेतला द्रवही येतो, म्हणून हलका दाब पुरे.

एकाच स्लाइडवर पातळ आणि जाड असे दोन्ही स्मिअर करा. पातळसाठी एक लहान थेंब, साधारण २ मायक्रोलिटर. दुसरी स्लाइड ४५ अंशात टेकवा, रक्त तिच्या कडेला पसरू द्या आणि न थांबता एका झटक्यात पुढे न्या. जाडसाठी तीन थेंब, मिळून साधारण ६ मायक्रोलिटर. स्लाइडच्या कोपऱ्याने ते जोडून सुमारे १ सेंटिमीटरचा गोल करा. फार घोटू नका. स्लाइड छापील कागदावर ठेवून पाहा: ओल्या रक्तातून अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. अजिबात दिसत नसतील तर हा थर रंगवताना पापुद्र्यासारखा निघून जाईल. स्पष्ट दिसत असतील तर रक्त कमी आहे आणि थोडेसेच जंतू असले तर ते निसटतील.

स्लाइड आडवी ठेवून सावलीत वाळवा. ऊन किंवा गरम हवा नको, उष्णतेने जाड थरातलं हिमोग्लोबिन तिथेच पक्कं होतं. माश्या आणि मुंग्या रक्त खातात, तेव्हा झाकून ठेवा. वाळल्यावर फक्त पातळ भाग क्षणभर मिथेनॉलमध्ये बुडवा. जाड भागाला मिथेनॉलची वाफही लागता कामा नये.

मग गिम्सा, म्हणजे जंतू दिसावेत म्हणून लावायचा रंग. तो १० टक्के असेल तर ८ ते १० मिनिटं, ३ टक्के असेल तर ३० ते ४५ मिनिटं. पाण्याचा पीएच ७.२ हवा. मिसळलेला रंग ताजाच वापरा, उरलेला साठवू नका. रंगवून झालं की घाई असते, आणि नेमकी इथेच चूक होते. स्लाइड तिरकी करून रंग ओतून टाकला तर वर आलेली साय स्मिअरवर बसते आणि तिचे कण जंतूंसारखे दिसतात. म्हणून स्लाइड आडवी ठेवूनच पाण्याच्या बारीक धारेने आधी साय वाहून जाऊ द्या.

तपासताना १०० पट भिंग आणि तेल. जाड स्मिअरची निदान १०० क्षेत्रं (भिंगातून एका वेळी दिसणारा भाग म्हणजे एक क्षेत्र) पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहू नका. लाल ठिपका आणि त्याला लागून निळा भाग, दोन्ही दिसले तरच जंतू. नुसत्या जांभळट बिंबाणूंना (प्लेटलेट्सना) फसू नका. जंतूची जात पातळ स्मिअरवर ठरवा. मोजणी २०० पांढऱ्या पेशींपर्यंत करा. तोवर १०० जंतूही भरले नाहीत तर ५०० पेशींपर्यंत चला. जंतूंची संख्या गुणिले ८००० (एका मायक्रोलिटरमध्ये धरलेल्या पांढऱ्या पेशी), भागिले मोजलेल्या पांढऱ्या पेशी: २०० पेशींमागे १५० जंतू म्हणजे मायक्रोलिटरला ६०००.

आरडीटी, म्हणजे किटवरची झटपट चाचणी, सोपी वाटते म्हणून तिच्यात ढिलाई जास्त. पाकीट वापरायच्या क्षणीच फोडा. बफरचे (किटसोबतच्या द्रावणाचे) थेंब बाटली उभी धरून, माहितीपत्रकात लिहिलेत तेवढेच. दुसऱ्या किटचा बफर नको. वेळ घड्याळावर पाहा, अंदाजाने नाही. फिकट रेषाही पॉझिटिव्हच. कंट्रोल रेषा नसेल तर चाचणी बाद, नवी करा. एचआरपी-२ या जंतूच्या प्रथिनावर आधारलेली किट बरं झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवते, त्यामुळे औषध लागू पडलं का हे तिच्यावरून ठरवू नका. त्यासाठी स्लाइडच हवी. उलट फाल्सिपेरम या मलेरियाच्या जातीच्या काही जंतूंमध्ये या प्रथिनाचं जनुकच नसतं, तिथे ही किट चुकून निगेटिव्ह येते.

निगेटिव्ह आला तर तापाचं दुसरं कारण शोधा. संशय कायम असेल तर १२ ते २४ तासांनी पुन्हा रक्त घ्या. शुद्ध हरपणं, झटके, श्वास लागणं अशी लक्षणं असतील तर मात्र रिपोर्टसाठी थांबू नका, लगेच वरच्या रुग्णालयात पाठवा.

नोंदवहीत नुसतं ‘निगेटिव्ह’ न लिहिता किती क्षेत्रं पाहिली तेही लिहा. ‘१०० क्षेत्रं, जंतू नाहीत’ असं वाचलं की गोळ्या देऊ की नको याचा निर्णय डॉक्टरांना सोपा जातो.