लहानपणीच्या घराचं मॉडेल बनवायचंय? मग टेप खिशातच ठेवा

हे मी चूक करून शिकलो, म्हणून आधी चूकच सांगतो. आमचं सोलापूरच्या पूर्व भागातलं जुनं घर, वर मातीचं माळवद, खाली शहाबादी फरशी आणि पलीकडच्या भिंतीला लागून काकांचे पॉवरलूम. घर पाडायचं ठरलं तेव्हा मी टेप घेऊन गेलो आणि सगळं इंचाइंचाने मोजून आणलं. माझ्या डोक्यातली दिवळी, म्हणजे भिंतीतला कोनाडा, एवढी मोठी की मी आत पाय दुमडून बसायचो, टेपवर भरली जेमतेम १६ इंच. मग १६ इंचच काढली, जिना तसाच, दारं तशीच, आणि शेवटी बघतो तर काय, बिल्डरला द्यायचा नकाशा. मित्र म्हणाला, "काय बे, ह्यात तू कुठंयस?"

तेव्हा पहिलं म्हणजे अख्खं घर घेऊ नका, एकच जागा धरा. जिन्याखालची, माळवदावरची, नाहीतर पाहुणे आले की तुम्ही लपायचा ती. डोळे मिटून आधी हाताला आणि पायाला काय आठवतंय ते लिहून काढा, म्हणजे उन्हाळ्यात दुपारी गार लागणारी फरशी, पोपडे आलेली भिंत, उंबऱ्याला ठेचाळलेला अंगठा. डोळ्यांना जे आठवतं त्यातलं निम्मं अल्बममधल्या फोटोंचं असतं, पायाचं तसं नसतं.

मग ग्राफ पेपर घ्या. आपल्याकडे चादरीचं डिझाईन आधी ग्राफवरच काढायचे, तसंच हे, फक्त एक चौकोन म्हणजे एक फूट नाही, एक चौकोन म्हणजे सहा वर्षांच्या तुमचं एक पाऊल. रात्री संडासला जाताना अंगण संपता संपत नव्हतं ना, मग काढा चाळीस चौकोन, दिवसा तेच अंगण दहा चौकोनांचं असलं तरी चालेल, दोन्ही काढा. भाऊबहीण असतील तर त्यांनाही न दाखवता वेगळं काढायला लावा आणि ट्रेसिंग पेपरने एकावर एक ठेवा. जिथं जुळत नाही तिथं दुरुस्ती करायची नाही, मला तर तीच जागा सगळ्यात कामाची वाटते.

आता मॉडेल. लंडनमध्ये रेचल व्हाइटरीड या शिल्पकार बाईने १९९३ मध्ये एका घराच्या आत काँक्रीट भरून बाहेरच्या भिंती काढून टाकल्या, म्हणजे उरला तो घरातला पोकळपणा, घट्ट होऊन. ते १९९४ च्या जानेवारीत पाडलं. आपण दिवळीपुरतं करू शकतो, पुठ्ठ्याच्या खोक्याला आतून तेल लावा आणि प्लास्टर ओता, वाळलं की खोकं फाडून काढा. कोरियाचा कलाकार डो हो सुह कापडाची पारदर्शक घरं शिवतो, त्यासाठी तर सोलापूरसारखं गाव नाही, मच्छरदाणीचं कापडसुद्धा चालतं.

माझं अडलं होतं मागाच्या भिंतीपाशी. ती भिंत मला दिसायची नाही, ऐकू यायची, रात्रभर खटखट, आणि मागाचा धोटा, म्हणजे आडवा दोरा इकडून तिकडे नेणारा, बंद पडला की उलट जाग यायची. आवाजाची भिंत बनवायची कशाची? काकांकडे जेकार्डचे, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या यंत्राचे, जुने पुठ्ठे पडले होते, भोकं पाडलेले, भोक आहे का नाही त्यावर कुठला दोरा उचलायचा ते ठरतं. ते एकाला एक शिवून उभे केले आणि मागून मोबाईलचा टॉर्च लावला तर अख्ख्या खोलीत ठिपके पडले, ओळीने, मध्येच एखादी ओळ तुटलेली. टॉर्च थोडा हलवला की ठिपके सरकतात. खटखट जवळजवळ दिसायला लागली की ओ! तुमच्याकडे पुठ्ठे नसतील तर तुमच्या घराच्या आवाजाचं सामान शोधा, विडीची पानं असतील, शिवणयंत्राची रिळं असतील.

स्केल १ ला १० ठेवा, सोपं पडतं, १० बाय १२ फुटांची खोली साधारण ३० बाय ३६ सेंटीमीटरची होते. ज्या जागा ग्राफवर मोठ्या आल्यात त्या इथंही मोठ्याच ठेवा, स्केल मोडला तर मोडू द्या. माळवदाला उजेडासाठी भोक असतं, आम्ही सवणं म्हणायचो, तेवढं कापायला विसरू नका, दुपारचा तो एकच उजेडाचा गोळा फरशीवरून सरकत जायचा.

फोटो काढताना वरून काढू नका, वरून सगळी मॉडेलं खेळण्यासारखी दिसतात. सहा वर्षांच्या पोराचे डोळे जमिनीपासून मीटरभर उंचीवर असतात, म्हणजे १ ला १० मध्ये मोबाईलची लेन्स फरशीपासून १० सेंटीमीटरवर. मोबाईल उलटा धरला की लेन्स खाली येते.

पहिला फोटो भावाबहिणीलाच पाठवा आणि भांडणाची तयारी ठेवा. आमच्याकडं जिन्याला पायऱ्या सात होत्या का नऊ, हे अजून मिटलेलं नाही, आणि घर पडल्यामुळं आता मिटणारही नाही. टेपवाल्या कागदावर आकडा आहे, पण तो मी कुणाला दाखवलेला नाही.