जबड्याच्या सांध्याचा एमआरआय: जाण्याआधी एवढं करा

आधी डॉक्टरांची चिठ्ठी वाचा. तिच्यावर ‘दोन्ही बाजू, तोंड बंद आणि तोंड उघडं’ असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नसेल तर दवाखान्यातून निघण्याआधीच लिहून घ्या. माझ्या चिठ्ठीवर नुसतं ‘जबड्याच्या सांध्याचा एमआरआय’ होतं. सेंटरमध्ये तोंड मिटूनच सगळं काढलं. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि विचारलं, “उघड्या तोंडाचे कुठे आहेत?” पुन्हा पैसे, पुन्हा रजा आणि तोवर मऊ भातावर काढलेले तीन आठवडे.

उघड्या तोंडाचे फोटो कशासाठी लागतात ते समजून घ्या. कानापुढच्या या सांध्यात हाडांच्या मधे एक छोटी चकती असते. ती पुढे सरकली की तोंड उघडताना ‘टक्’ वाजतं, कधी जबडाच अडकतो. मिटल्या तोंडाच्या फोटोत ती सरकलेली दिसेल, पण उघडताना जागेवर परत येते की नाही, हे तोंड उघडल्याशिवाय कळत नाही. पुढचे उपचार बरेचसे त्यावरच ठरतात.

जुनी ओपीजी (सगळ्या जबड्याचा एक्स-रे), सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे स्कॅन) बरोबर न्या. त्यांत हाडाची झीज दिसते, चकती दिसत नाही. ‘ओपीजी नॉर्मल आहे, मग हे कशाला?’ असं घरचे म्हणतील, त्यांना हेच सांगा.

सेंटरला फोन करून विचारा: जबड्याच्या सांध्याची कॉइल (सांध्याजवळ ठेवायचा, सिग्नल पकडणारा एमआरआयचा भाग) आहे का, तोंड उघडं ठेवायला दातांत धरायचा ठोकळा आहे का, उघड्या तोंडाचे काढता का? तिसरा प्रश्न विसरू नका. ‘हो, हो, सगळं करतो’ एवढ्यावर फोन ठेवू नका.

आदल्या रात्री आरशासमोर पट्टी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजा. दुखेपर्यंत ताणू नका. साधारण ४० मिलिमीटर किंवा जास्त उघडतं. माझं २८ वर अडकायचं. हा आकडा टेक्निशियनला सांगा, म्हणजे तो ठोकळा त्या मापाचा देईल. मोठा ठोकळा दामटून बसवू देऊ नका. तो दातांत धरून काही मिनिटं अजिबात न हलता पडून राहायचं असतं. लाळ साठते, गिळावंसं वाटतं आणि गिळलं की फोटो हलतो. घरी एकदा सराव करा.

दागिने, पिना, कवळी काढायची, हे तिथे सांगतातच. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवर बसवलेली क्लिप असेल तर मात्र अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. दातांना तारा असतील तर त्यांच्यामुळे फोटो बिघडू शकतो, आधी डॉक्टरांना विचारा.

टेबलावर झोपण्याआधी टेक्निशियनला पुन्हा एकदा सांगा: उघड्या तोंडाचेही.

आत आवाज मोठा असतो, कानात बोळे मागा. वेळ अर्धा-पाऊण तास.

झाल्यावर फिल्म आणि सीडी दोन्ही घ्या. उघड्या तोंडाचे फोटो त्यात आहेत ना, हे काउंटरवरच उघडून बघा. मग निघा.